थंडीत मधमाश्यांच्या वसाहती मेल्या, तर मदत कशी मागायची

मेलेल्या मधमाश्यांची भरपाई पीक विम्यातून मिळत नाही; तो पिकांपुरताच. पण नव्या पेट्या-वसाहतींसाठी राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची 'मध केंद्र योजना' आहे: 50 टक्के अनुदान, 50 टक्के स्वतःचे. अर्ज जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्यांकडे करायचा. आधार, बँक पासबुक आणि असल्यास मधपालन प्रशिक्षणाचा दाखला सोबत न्या. केंद्र सरकारच्या मधुक्रांती पोर्टलवरही नोंदणी करून ठेवा.

पेटी साफ करायची घाई मात्र करू नका. आधी प्रत्येक पेटीला नंबर टाका, तारखेसह फोटो काढा, मेलेल्या माश्या कुठे पडल्या ते लिहा. चौकट उन्हात धरून नीट बघा. माश्या पोळ्याच्या घरांत डोके खुपसून मेल्या आणि आसपास मध नसला, तर ती उपासमार. पेटीसमोर ढीग, जिभा बाहेर आलेल्या, असे दिसले की बहुधा कीटकनाशकाची फवारणी. विदर्भात तूर फुलोऱ्यात असताना हा धोका मोठाच. असे असेल तर दोनेकशे ताज्या माश्या कागदी पाकिटात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. प्लास्टिकमध्ये त्या कुजतात, मग नमुना वाया.

मेणकिड्याने पोखरलेली पोळी वितळवा, धड असलेली हवाबंद ठेवा. वाचलेल्या वसाहतींना 2 किलो साखर, 1 लिटर पाणी असा पाक संध्याकाळी, पेटीच्या आतच द्या. उघड्यावर ठेवला की दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटालूट करतात आणि कमजोर वसाहत आधी मरते.