कॉलेजच्या कला-तंत्र प्रदर्शनाला जाण्याआधी

बेळगावच्या कॉलेजांतली मुलं दिवे, वायरी, सेन्सर जोडून हलत्या-चमकत्या कलावस्तू करतात आणि प्रदर्शनात मांडतात. ते बघायला शेवटच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नका. पाच वाजले की मुलं वायरी गुंडाळायला लागतात आणि अर्धं प्रदर्शन खोक्यात गेलेलं असतं. उद्घाटनाची सकाळही टाळा. तिकडे भाषणं चालू असतात आणि इकडे कुणीतरी टेबलाखाली बसून सुटलेला जोड डागत असतो. पहिल्या दिवशी दुपारनंतर गेलं की वस्तूही चालू असतात आणि पोरंही बोलायला मोकळी असतात. उद्यमबाग, मच्छेकडची कॉलेजं खानापूर रोडलाच, त्यामुळे खानापूरकरांना सोपं. निपाणीकरांनी आधी बेळगावचा स्टँड गाठून पुढे सिटी बस किंवा रिक्षा धरावी. पावसाळा असेल तर ओली छत्री घालायला एक प्लॅस्टिकची पिशवी हवीच, कारण आत जमिनीवर वायरी पसरलेल्या असतात.

कपड्यांचाही थोडा विचार करा. एखाद्या खोलीत चित्र भिंतीवर न पडता थेट बघणाऱ्याच्या अंगावर पडतं. तिथे फिक्या रंगाचा सदरा असला तर रंग खुलतात. समोर कुणी आलं हे ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर आपल्यावर आपटून परत आलेला प्रकाश मोजतो, आणि काळं कापड कधीकधी तो बराचसा गिळून टाकतं. दुसरा एक दोन गोल डोळ्यांसारखा दिसणारा सेन्सर असतो, तो ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. लोकरीची शाल हा आवाज शोषून घेते. म्हणून आजी समोर उभी राहिली आणि काहीच हललं नाही, तर शाल मागे सारून तळहात पुढे करायला सांगा. ‘मला बघून काय चालंना बघ’ म्हणून ती मागे सरकते, ते फार लागतं मनाला.

घरात कुणाला फिट येत असेल तर दारातच विचारून घ्या, आत सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप होणारा दिवा आहे का. फोन चार्ज करून, साधा हेडफोन खिशात टाकून जा. कॅमेऱ्याचा फ्लॅश घरूनच बंद करा; प्रकाशावर चालणाऱ्या वस्तू त्याने गोंधळतात. लहान मुलांना एक गंमत मात्र जरूर दाखवा: डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बहुतेक वेळा जांभळट चमकताना दिसतो. त्यांना एवढंच बजावून ठेवा की हात लावण्याआधी विचारायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातल्या हाताने काम करणाऱ्या माणसाला बरोबर न्या. ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणतील, तरी न्या. वडगावच्या आमच्या शेजारच्या मावशींनी आयुष्यभर मागावर साड्या विणल्या. एका मुलीने वीज वाहणारा धागा घालून कापड केलं होतं, आत बारीक दिवे. घडी घातली की काही दिवे विझायचे आणि कारण तिला सापडत नव्हतं. मावशींनी कापडाचा काठ दोन बोटांत धरला, चुरगळून बघितला आणि म्हणाल्या, ‘हा धागा घडीवर मोडतोय गं. आडवा घातलाईस, उभा घाल, नाहीतर घडीची जागा बदल.’ मुलीने तिथल्या तिथे वही काढली. मग मावशींनी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी कशी चालते ते सांगितलं. फ्रान्समध्ये जाकार्डने १८०४ साली त्या पुठ्ठ्यांचा माग बसवला. भोक असलं तर एक, नसलं तर दुसरं, कॉम्प्युटरची भाषाही अशीच दोन खुणांची. हे ऐकून ती मुलगी मावशींकडे ज्या डोळ्यांनी बघत राहिली, ते बघायलाच मी पुन्हा पुन्हा अशा प्रदर्शनांना जातो.

एक प्रश्न मनात तयार ठेवा. ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न घरी ठेवून जा. मुलं तो घरीही ऐकत असतात. त्याऐवजी ‘पहिल्यांदा केलं तेव्हा काय बिघडलं?’ विचारा. फलक कन्नड आणि इंग्रजीत असतील, पण टेबलामागचं पोर मराठी घरचं असेल तर मराठीतच विचारा. सुरुवातीला शब्द शोधत अडखळेल, मग आईला समजावल्यासारखं सांगायला लागेल. कन्नड घरचं असेल तर ‘हेंग माडिदी?’ (कसं केलंस?) एवढं तरी म्हणा, चेहरा लगेच खुलतो. वस्तू बंद पडलेली असली तरी तिथून हलू नका. खिडकीतून आलेल्या उन्हानेही सेन्सर चुकतो. पडदा ओढायला मदत करा आणि तोवर कच्ची चित्रं, फसलेले तुकडे मागून बघा.

वाटेत मुलांना सांगायला एक गोष्ट: चित्रकार रवी परांजपे १९३५ साली बेळगावात जन्मले, इथेच के. बी. कुलकर्णींकडे चित्रकला शिकले. त्याच गावात उद्यमबागेच्या फाउंड्रीत साच्यात लोखंड ओततात. चित्र आणि यंत्र दोन्ही आपल्या गावचीच, पुण्या-मुंबईकडे बघत बसायची गरज नाही.

पिशवीत थोडा चिवडा असू द्या, पोरं सकाळपासून उभी असतात. फक्त वायरींच्या टेबलावर तो सोडू नका. आणि एक पेन घ्या. अभिप्रायाच्या वहीत ‘खूप छान’ लिहून सही करू नका. कुठल्या वस्तूपुढे किती वेळ थांबलात ते लिहा, मराठीत लिहा, आणि खाली आपल्या गावाचं नाव घाला.