वस्तीवर छोटं मंदिर बांधताय? जपानकडून काय उचलायचं, काय नाही

हल्ली सोलापुरात जो तो वस्तीवर नाहीतर बंगल्याच्या मागं मंदिर नाहीतर ध्यानाची खोली बांधायला काढतोय आणि आर्किटेक्टला मोबाईलवर जपानी फोटो दाखवतोय, की असं करून द्या. करा की, पण पहिल्यांदा त्या वळलेल्या छपराचा नाद सोडा, त्यानं हॉटेल होतं, मंदिर नाही.

जपानी आर्किटेक्ट तादाओ आंदोनं जपानातल्या आवाजी बेटावर १९९१ मध्ये होनपुकुजीचं जलमंदिर बांधलं, त्याला छप्पर दिसतच नाही. वर कमळांचं लंबगोल तळं, ४० बाय ३० मीटरचं, आणि त्याच्या मधोमध खाली उतरणारा जिना. काँक्रीट सगळं पाश्चात्त्य वळणाचं, उघडंबोडकं, पण वाट अस्सल पूर्वेकडची: आधी सरळ भिंत, मग वळलेली, मग तळं, मग अंधार आणि एकदम शेंदरी गाभारा. तुम्ही उचलायची ती ही वाट. फाटकातनं थेट मूर्ती दिसू देऊ नका, दहा फूट जागा असली तरी एक आडवी भिंत घाला आणि वळून आत न्या.

तळं मात्र नको, उन्हाळ्यात टँकर मागवायची वेळ येते आणि स्लॅबवर पाणी साठवायचं म्हणजे वॉटरप्रूफिंगची कायमची डोकेदुखी.

उजेडाचं पण तसंच. आंदोनं मूर्तीमागनं पश्चिमेचा उजेड घेतलाय, संध्याकाळी सगळं लाल होतं म्हणे, पण आपल्याकडं एप्रिल-मेत पश्चिमेची भिंत हात लावू देत नाही, म्हणून पूर्वेला वीतभर रुंदीची उभी फट ठेवा, सकाळच्या आरतीला भरपूर होते.

काँक्रीट उघडं ठेवायचं तर खरी मेहनत सेंट्रिंगची, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याची. आंदोच्या भिंतीवर जे चौकोन दिसतात ते ९०० बाय १८०० मिलिमीटरच्या फळ्यांचे, साधारण एका तातामी चटईएवढे, म्हणजे पाश्चात्त्य मटेरियलला माप जपानी घरातलं. मिस्त्रीला नवीन प्लायच वापरायला सांगा, जोड कुठं येणार ते आधी कागदावर काढा, व्हायब्रेटर नीट फिरवा, नाहीतर हनीकोंब झालं, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या राहिल्या, की गिलावा करायची वेळ येते आणि सगळा खेळ संपला. आणि हो, मोकळ्या काँक्रीटच्या खोलीत टाळ-मृदंग लई घुमतो, तर मागच्या भिंतीला लाकडी जाळी लावा. समईच्या काजळीनं भिंत काळी होते, तिथं शहाबादी फरशीचा कोनाडा करा.

नक्षी हवीच असेल तर तोक्योचं त्सुकिजी होंगानजी हे बौद्ध मंदिर बघा. १९२३ च्या भूकंपानंतर आधीचं जळालं, आर्किटेक्ट इतो चुतानं १९३४ ला नवं बांधलं. बाहेरनं आपल्या बौद्ध लेण्यांसारख्या कमानी, आत जपानी सोनेरी गाभारा, बसायला खुर्च्या, वर पाइप ऑर्गन! पण इतो आधी चीन, भारत, तुर्कस्तान पालथं घालून आलेला होता. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत एवढं सगळं कोंबू नका, एकच कमान घ्या आणि बाकी भिंत मोकळी ठेवा.