पेजचा डीपी गोलात नीट कसा बसवायचा

आमच्या ढोलताशा पथकाच्या पेजला लोगो टाकला तेव्हा कोपऱ्यातलं नावच गायब झालं, कारण फोटो आपण चौकोनी देतो पण फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब सगळीकडे तो गोलातच दिसतो आणि चारही कोपरे उडतात.

म्हणून आधी फोटो १:१ म्हणजे पूर्ण चौकोनी क्रॉप करा. साइज ८०० बाय ८०० पिक्सेल ठेवा, यूट्यूब तेवढीच सांगतं, एक्सला ४०० बाय ४०० पुरतं, म्हणजे एकच मोठी फाइल सगळीकडे चालते. छोटा फोटो ताणून मोठा करू नका, तो फाटतोच.

आता खरं काम. ८०० च्या चौकोनात मधोमध साधारण ५६५ चा चौकोन धरा, तेवढा भाग गोलात कुठेच कापला जात नाही, नाव, चेहरा जे काय महत्त्वाचं ते त्यातच बसवा. मराठी अक्षरांना तर जास्तच जागा सोडा, वरची वेलांटी नि खालचा उकार आधी कापले जातात आणि नाव भलतंच वाचलं जातं. खरं सांगू का, पूर्ण नाव टाकूच नका, कमेंटच्या बाजूला डीपी इवलासा दिसतो, तिथे एक अक्षर किंवा नुसता ढोल जास्त उठून दिसतो.

चेहरा असेल तर डोक्यावर थोडी मोकळी जागा ठेवा. लोगो पीएनजीमध्ये सेव्ह करा, फोटो जेपीजीत चालेल. आणि फाइल व्हॉट्सॲपवर मागवताना डॉक्युमेंट म्हणूनच मागवा, नाहीतर ती दाबून येते आणि कडा धूसर दिसतात.