महागडा ब्रँड की स्वस्त पर्याय? ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

नाव मोठं म्हणजे माल चांगला, असं मानणारे एका बाजूला. कंपनी फक्त नावाचे पैसे घेते, म्हणून सगळ्यात स्वस्त ते उचलायचं, असं मानणारे दुसऱ्या बाजूला. राम मारुती रोडवर असो की वाशीच्या सेक्टर १७ मध्ये, दुकानात गर्दीत उभं असताना यातला एखादा समज आपल्या वतीनं निर्णय घेऊन मोकळा होतो. वस्तूवर काय छापलंय ते वाचायचं दोन्हीकडे राहूनच जातं. खरं तर रोजच्या वापरातल्या बऱ्याच वस्तूंवर दर्जा ओळखण्यापुरती माहिती छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. ती कुठे शोधायची आणि कुठल्या वस्तूसाठी कशाला महत्त्व द्यायचं, एवढं कळलं तरी बरेच पैसे वाचतात. काही ठिकाणी जीवही वाचतो.

पाणी न तपासता महागडा आरओ बसवणं

आपल्या भागातली ही सगळ्यात खर्चिक चूक. नव्या घराचा ताबा मिळाला की फर्निचरच्या आधी प्युरिफायरवाला दारात येतो. महापालिकेच्या पाण्याला आरओची गरज आहे का, हे तो विचारत नाही आणि आपणही विचारत नाही.

नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, रायगड जिल्ह्यातलं मोरबे. ठाण्याला मुख्यतः भातसा आणि उल्हास नद्यांचं पाणी येतं. हे सगळं पावसाचं, साठवलेलं, शुद्ध करून सोडलेलं पाणी. त्यात विरघळलेले क्षार मुळातच कमी असतात. आरओचं मुख्य काम क्षार काढणं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये, जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी आणावी, असा निर्देशही दिला होता. ज्या पाण्यात काढण्यासारखे क्षारच नाहीत, त्यावर आरओ लावला की उरलेसुरले खनिजही जातात आणि बऱ्याच घरगुती मशीनमध्ये गाळून मिळालेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी मोरीत वाहून जातं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो घरात करून दाखवल्या जाणाऱ्या त्या प्रयोगाचा. दोन ग्लास घेतात, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हीत विजेवर चालणाऱ्या दांड्या बुडवतात. मिनिटाभरात नळाचं पाणी तपकिरी होतं, आरओचं जवळपास तसंच राहतं. घरातली आजी घाबरते आणि चेक लिहिला जातो. त्या ग्लासात दिसतो तो लोखंडाच्या दांडीचा गंज. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते आणि लोखंड पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यातच जमा, म्हणून तिथे काही घडत नाही. पाणी पिण्यालायक आहे की नाही, याच्याशी त्या रंगाचा काही संबंध नाही.

मग करायचं काय? काही शे रुपयांत टीडीएस मीटर मिळतो. तो घ्या, नाहीतर सोसायटीत एक असू द्या. नळाचा आकडा कमी असेल तर यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं) किंवा यूएफचं (बारीक गाळणीचं) साधं मशीन पुरतं. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्या टँकरवर किंवा बोअरवेलवर आहेत, तिथे मात्र आकडा खरोखर जास्त येऊ शकतो. तिथे आरओ हाच मार्ग, आणि टँकर बदलला की पाणीही बदलतं म्हणून तपासणी अधूनमधून करत राहावी लागते.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टीडीएस मीटर जंतू मोजत नाही. आकडा ८० असलेल्या पाण्यानंही कावीळ होऊ शकते. आपल्याकडे पाणी बिघडतं ते बरेचदा इमारतीच्या जमिनीखालच्या आणि गच्चीवरच्या टाकीत. टाक्या वेळेवर धुतल्या जात नसतील, तर कितीही महागडं मशीन भिंतीवर असलं तरी तुम्ही रोगाचं मूळ तसंच ठेवलेलं असतं. सोसायटीच्या सभेत टाकी शेवटची कधी धुतली ते विचारा.

आरओ आधीच घेऊन बसला असाल तर टाकून देऊ नका. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजा. तो अगदीच खाली असेल आणि मशीनला टीडीएस कंट्रोलर असेल, तर मेकॅनिककडून तो फिरवून घ्या. वाया जाणारं पाणी बादलीत घेतलं तर लादी पुसायला आणि संडास धुवायला चालतं.

ब्रँडच्या नावालाच औषध समजणं

गोळीच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. त्याच पट्टीवर असलेलं घटकाचं नाव, म्हणजे औषधवाले ज्याला 'सॉल्ट' म्हणतात ते, हे खरं औषध. एकच सॉल्ट, तेवढेच मिलिग्रॅम, पण कंपनी बदलली की किंमत कुठल्या कुठे जाते. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आणि पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसासाठी हा फरक दर महिन्याला जाणवणारा असतो.

म्हणून काउंटरवर संकोच न करता विचारा: "दादा, यातलं सॉल्ट काय आहे? तेच, तेवढ्याच पॉवरचं, दुसऱ्या कंपनीचं स्वस्तातलं आहे का?" जनऔषधी केंद्रं ठाण्यातही आहेत आणि नवी मुंबईतही. 'जनऔषधी सुगम' या ॲपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतं.

इथे दुसऱ्या टोकाला जाऊन होणारी चूक जास्त घातक आहे. थायरॉइडची गोळी, फिट्सची गोळी, रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी, यांत मात्रेतला थोडासा फरकही शरीराला जाणवतो. अशा औषधांची कंपनी स्वतःच्या मनानं बदलू नका. डॉक्टरांना सांगून बदला आणि ते म्हणतील तेव्हा रक्त तपासून घ्या. पट्टीवर एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी हळूहळू विरघळणारी असते. साधी गोळी तिची जागा घेऊ शकत नाही, आणि परवडावी म्हणून ती मोडून अर्धी घेणं तर अजिबात नको.

जिथे जीव जाऊ शकतो तिथे किंमत बघणं

हेल्मेट, वायर, गॅसची नळी, प्रेशर कुकर, मोबाइलचा चार्जर. इथे प्रश्न महाग की स्वस्त हा नसतोच, मानक पाळलंय की नाही हा असतो. हायवेच्या कडेला ताडपत्रीवर रचलेलं हेल्मेट पोलिसांपासून वाचवेल, डांबरावर आपटल्यावर वाचवेलच असं नाही. दुचाकीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ हे मानक आहे आणि २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नुसतं चिन्ह कोणीही छापतो. त्याच्या खाली सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. कंपनी आणि वस्तू जुळली तर घ्या. मग ते खूप महागडं नसलं तरी बिघडत नाही. मापात मात्र बसलं पाहिजे: पट्टा लावून मान हलवली तर हेल्मेट सरकता कामा नये.

चार्जरवर आयएसआय नसतं, आर-नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तोही त्याच ॲपमध्ये तपासता येतो.

घराचं वायरिंग करताना लोक दिव्यांवर आणि टाइल्सवर लाखभर खर्च करतात आणि वायर इलेक्ट्रिशियनवर सोडून देतात. वायर भिंतीत जाते, पुन्हा दिसत नाही, म्हणून तिथेच हात आखडता घेतला जातो. आयएस ६९४ लिहिलेली तांब्याची वायर घ्या. दिव्या-पंख्याला १.५, सॉकेटला २.५, एसी आणि गिझरला ४ स्क्वेअर एमएम, असा साधारण हिशेब असतो. नामांकित ब्रँडची बारीक वायर एसीला लावली तरी ती तापणारच.

किराण्यात पाकिटाची फक्त पुढची बाजू बघणं

मीठ, साखर, रवा यांत ब्रँडसाठी जास्त पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही. पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापलेला असतो, तो दोन पाकिटांवर ताडून बघा. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त पडतंच असं नाही.

अंगाच्या साबणात फरक सापडतो तो टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धांशाच्या आकड्यात. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिली श्रेणी, ७० ला दुसरी, ६० ला तिसरी. सुगंधी, चकचकीत कागदातल्या काही वड्यांवर 'बेदिंग बार' असं लिहिलेलं असतं. त्यांना या श्रेणी लागूच होत नाहीत, आणि त्यांत टीएफएम कमी चालतो.

मसाल्यांत मात्र सुट्या तिखट-हळदीच्या स्वस्ताईला भुलू नका, कारण पुडीत भेसळ डोळ्यांना दिसत नाही. पैसे वाचवायचे तर अख्खी मिरची घ्या. जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटमध्ये बेडगी, लवंगी हातात घेऊन, मोडून, वास घेऊन निवडता येते. ती उन्हात वाळवून डंकावर समोर उभं राहून कुटून आणलेला वर्षाचा मसाला कुठल्याही ब्रँडपेक्षा सरस उतरतो, असं माझं ठाम मत आहे.

एसी-पंखा घेताना नुसते स्टार मोजणं

स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून लेबलवरचा कालावधी वाचा. जुन्या स्टॉकमधला पाच स्टार आजच्या निकषानं खालचा ठरू शकतो. त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तेही असतं. एसीसाठी तो आकडा वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो. तुमच्याकडे त्याहून जास्त चालत असेल तर त्या प्रमाणात वाढवा.

पंख्यात थोडे जास्त पैसे घालणं पटण्यासारखं आहे. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० ते ३५. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे दिवसाला साधारण अर्धं युनिट वाचतं. बीएलडीसीमध्ये सर्किट असतं, ते गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याकडे दुरुस्त होत नाही, म्हणून वॉरंटी किती वर्षांची ते आधी बघा. आणि जुना पंखा नुसता हळू फिरतोय म्हणून नवा घेऊ नका, आधी कपॅसिटर बदलून बघा. तो अगदी किरकोळ किमतीत येतो.

एसी आणि वॉशिंग मशीनसाठी मोठ्या ब्रँडला जादा पैसे द्यायचेच असतील तर ते सर्व्हिससाठी द्या. खाडीच्या खाऱ्या हवेत बाहेरचं युनिट लवकर गंजतं. तेव्हा माणूस किती दिवसांत येतो आणि पार्ट मिळतो का, हे शेजाऱ्यांना विचारलं तर जाहिरातीपेक्षा खरं उत्तर मिळतं.

बिल न घेणं

"बिल नको असेल तर कमी करून देतो" याला हो म्हटलं की वॉरंटी आणि तक्रार दोन्ही हातची जातात. वस्तू बिघडली आणि दुकानदार दाद देत नसेल तर आधी त्याला लेखी कळवा, मेसेज किंवा ईमेलही चालेल. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज जायला हवा. ऑनलाइन घेतलेली वस्तू असेल तर बिलावर ज्या विक्रेत्याचं नाव आहे तेही तक्रारीत लिहा, फक्त ॲपचं नाव पुरत नाही.