काजऱ्याचं विष आणि शेतातले उंदीर: या चुका टाळा

कोकणात काजऱ्याचं फळ फोडलं की आतून चपट्या, वाटोळ्या, राखी रंगाच्या बिया निघतात. शर्टाच्या बटणासारख्या, वर रेशमी लव. पोरं त्या खेळायला उचलतात. हाच आयुर्वेदातला कुचला. याच्याच एका भाऊबंदाच्या बियांतून १८१८ साली पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी स्ट्रिकनीन वेगळं केलं, आणि पुढे अनेक देशांत उंदीर-खारी मारायला ते सर्रास वापरलं गेलं.

‘झाडपाल्याचं आहे, बाधत नाही’

बाधतं. स्नायूंना आवर घालणारा मज्जारज्जूतला निरोपच स्ट्रिकनीन अडवतं. मग साध्या आवाजाने, स्पर्शाने अंग धनुष्यासारखं ताठतं, श्वास कोंडतो. माणूस मात्र शुद्धीवर असतो. याला उतारा नाही. वैद्य कुचला शोधनाशिवाय, म्हणजे त्याचा विषारीपणा कमी करणाऱ्या प्रक्रियेशिवाय, वापरत नाहीत, ते उगाच नव्हे. म्हणून काजऱ्याच्या बिया कुटून घरगुती उंदीरनाशक करायच्या फंदात पडू नका.

‘उंदीर मेला, काम झालं’

खरी गोम इथे आहे. कॅनडातल्या अल्बर्टा-सस्कॅचेवानच्या माळांवर रिचर्डसन खार (तिथले लोक तिला गोफर म्हणतात) कुरणं पोखरते. शेतकरी बिळांत स्ट्रिकनीन लावलेले दाणे टाकत. हे विष झपाट्याने चढतं, त्यामुळे खार पुष्कळदा बिळाबाहेरच मरून पडते आणि विषारी दाणे तिच्या पोटात तसेच राहतात. तिला खाणारे ससाणे, कोल्हेही मग मरतात. म्हणजे खारी फुकटात मारणारे गडीच आपण मारले! कॅनडाने २०२० मध्ये या वापराची नोंदणी रद्द केली. मार्च २०२३ मध्ये तो थांबवला गेला. युरोपीय संघात २००६ मध्येच बंदी आली होती. अमेरिकेत १९८८ पासून जमिनीवर टाकायला मनाई आहे, फक्त पॉकेट गोफर या दुसऱ्याच प्राण्याच्या भुयारात चालतं. कॅनडातले शेतकरी चिडले, आणि त्यांचं नुकसान काही खोटं नव्हतं.

आपल्याकडे आमिष का फसतं?

आपल्याकडे उंदरांसाठी मिळतं झिंक फॉस्फाईड हे विष. घाईत पहिल्याच दिवशी विष ठेवलं की उंदीर जरासं चाखतो, आजारी पडतो आणि पुन्हा त्याला तोंड लावत नाही. आधी संध्याकाळी सगळी बिळं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू. त्यांत दोन-तीन दिवस तेल चोळलेला साधा भरडा ठेवा, विष त्यानंतर. हातमोजे घालून, आमिष बिळात आत सरकवा. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. उकिरड्यावर टाकलेला उंदीर कुत्रं किंवा घुबड उचलतं. घुबडांसाठी शेतात पक्षीथांबे उभारा.

विष पोटात गेलं तर

मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. झटका आला तर ती श्वासनळीत जाते. आरडाओरडा, हलवाहलव टाळा, १०८ ला फोन करा आणि विषाची पुडी, डबा किंवा बिया, जे सापडेल ते दवाखान्यात सोबत न्या.