घरटे-पेटीतील पक्षी पाहताना या चुका टाळा

पेटी टांगली, पण पक्षी आला नाही, किंवा आलेला पक्षी अर्ध्यावर निघून गेला, अशी तक्रार सांगली-साताऱ्याकडे नेहमी ऐकू येते. तिचे मूळ बहुतेक वेळा पेटीच्या जागेत किंवा पाहणाऱ्याच्या उतावळेपणात असते.

एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशी गाठतो, त्यामुळे पश्चिमेच्या उन्हात टांगलेली पत्र्याची पेटी पिल्लांसाठी भट्टी ठरते. साताऱ्यात पुढे नैर्ऋत्येचा पाऊस भोकातून आत येतो. म्हणून जाड फळीची पेटी सावलीत, भोक उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवून बसवावी आणि तळाला पाणी निथळण्यापुरती छिद्रे पाडावीत. चिमणीला ३२ मिलिमीटरचे भोक पुरते. ते बरेच मोठे झाले, की साळुंकी पेटी बळकावते. भोकाखालची शोभेची दांडी कावळ्याच्या आणि मांजराच्याच सोयीची असते, ती लावूच नये.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे झाकण उघडून किंवा मोबाइलचा प्रकाश टाकून आत डोकावणे. अंड्यांवरून उठवलेली मादी घरटे कायमचे सोडू शकते आणि पिसे फुटलेली पिल्ले घाबरून उडता येण्यापूर्वीच बाहेर उडी घेतात. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणे हे शिकारीच्या व्याख्येत मोडते.

आत काय चालले आहे, हे खरे तर दुर्बिणीने बाहेरूनच कळते. काड्या-गवत नेणे थांबून हालचाल मंदावली, की घरटे सोडले असा समज होतो. प्रत्यक्षात तेव्हा उबवण सुरू झालेली असते. दयाळ पक्ष्याच्या बाबतीत हा घोटाळा हमखास होतो, कारण एकटी मादी उबवते आणि नर तारेवर बसून गात राहतो. चिमणीची अंडी साधारण ११ ते १४ दिवसांत फुटतात. चोचीत मऊ हिरवी अळी घेऊन पक्षी आत जाऊ लागला, की पिल्ले निघाली असे समजावे. काही दिवसांनी तोच पक्षी बाहेर पडताना चोचीत पांढरट, ओलसर गोळी दिसते, ती पिल्लांची विष्ठा असते.

खाली बाजरी ठेवली म्हणजे पिल्लांची सोय झाली, असे मानू नये. चिमणी स्वतः दाणे टिपत असली, तरी लहान पिल्लांना किडेच भरवते. त्यामुळे जास्वंदीवरच्या मावा किडीसाठी केलेली फवारणी थेट घरट्यावर परिणाम करते. द्राक्षबागांच्या पट्ट्यात तर घरची बाग तरी फवारणीविना ठेवावी.

जमिनीवर दिसणारे पिसे फुटलेले पिल्लू बहुधा उडायला शिकत असते. मांजराचे भय असेल तर ते जवळच्या झुडपावर ठेवून दूर व्हावे. माणसाच्या स्पर्शाने आईबाप त्याला टाकतात, ही समजूत चुकीची आहे.

पिल्ले उडाल्यावर लगेच पेटी रिकामी करू नये, कारण चिमण्या त्याच घरट्यात पुन्हा अंडी घालतात. ये-जा पूर्ण थांबल्याची खात्री झाल्यावरच जुने गवत काढावे आणि पेटी कीटकनाशक न मारता कडक उन्हात वाळवावी.