जुन्या अमेरिकन खासदाराची कारकीर्द कशी वाचायची (जेनेट रँकिनबाईंना धरून)

जुन्या काळातल्या अमेरिकन खासदाराविषयी लिहायचं असेल तर जन्म-शिक्षणापासून सुरू करू नका, आधी त्यांनी मतं कशी दिली ते बघा. मला जेनेट रँकिन फार आवडतात म्हणून त्यांचंच उदाहरण घेतो.

पहिलं काम, तारखा नीट लावा. रँकिनबाई मोंटाना राज्यातून निवडून आल्या नोव्हेंबर १९१६ ला, काँग्रेसमधली (म्हणजे अमेरिकेच्या संसदेतली) पहिली बाई, आणि देशभरातल्या बायकांना मताधिकार मिळाला १९२० ला! पण तेव्हा टर्म सुरू व्हायची ४ मार्चला, आणि नव्या काँग्रेसची पहिली बैठक भरली एप्रिलमध्ये, त्यामुळे त्या सभागृहात बसल्या एप्रिल १९१७ मध्ये, आणि चारच दिवसांत ६ एप्रिलला जर्मनीविरुद्धच्या युद्धावर मतदान आलं. हा क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं.

मग मतांचा आकडा बघा आणि सोबत कोण होतं तेही बघा. ३७३ विरुद्ध ५०, म्हणजे विरोधात त्या एकट्या नव्हत्या, अजून ४९ पुरुष होते, पण टीका झाली ती मुख्यतः या बाईवर. काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये (संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीत) नावानिशी यादी मिळते, ती स्वतः वाचा, कुणी सांगितलं म्हणून लिहू नका.

आता सगळ्यात जास्त वेळ इथं द्या: पुढच्या निवडणुकीचा नकाशा. "युद्धाला विरोध केला म्हणून हरल्या" असं सरसकट लिहितात. पण १९१६ ला मोंटानाच्या दोन्ही जागा अख्ख्या राज्यातून निवडल्या जायच्या, नंतर राज्याचे दोन मतदारसंघ पाडले, म्हणजे अख्ख्या राज्यातून मतं घेऊन ती जागा जिंकता येईना, आणि रँकिनबाई १९१८ ला सिनेटला (संसदेच्या वरच्या सभागृहाला) उभ्या राहिल्या नि हरल्या. मताचा परिणाम झालाच असणार, पण नकाशा न बघता एकच कारण ठोकून देणं बरोबर नाही.

मधली वर्षं गाळू नका, बहुतेक लोक गाळतात. १९२१ चा आई-बाळांच्या आरोग्याचा शेपर्ड-टाउनर कायदा व्हावा म्हणून त्या झटल्या, शांततेच्या चळवळीत राहिल्या. हे वाचलं तरच १९४० ला परत निवडून आल्यावर, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, जपानविरुद्धच्या युद्धावरच्या मतदानात ३८८ विरुद्ध १ मधला तो "१" कुठून आला ते कळतं. त्या दिवशी गर्दी अंगावर आली तेव्हा फोन बूथमध्ये शिरून त्यांनी पोलिसांना बोलावलं.

आणि पद गेलं की फाइल बंद करू नका. गांधीजींच्या विचारांच्या ओढीनं त्या अनेकदा भारतात आल्या, आणि जानेवारी १९६८ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये हजारो बायकांच्या मोर्चात पुढं चालत होत्या.